रोलरला न जुमानणारा गोलंदाज

एकोणिसावे शतक संपत आले होते. साताऱ्याच्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर पुण्याच्या हिंदू संघाचा सामना ठरला आणि यजमानांना धास्ती पडली ती पाहुण्यांमधल्या एकाच माणसाची. हा माणूस डावखुरा, मंदगती, फिरकी टाकणारा. त्याची फिरकी बोथट करायची म्हणून जिमखान्याच्या मैदान राखणाऱ्याला हुकूम सुटला, की खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवत राहा.

रोलर फिरला आणि सामनाही झाला. त्या माणसाने सात गडी बाद केले आणि पुणेकर आरामात जिंकले.

त्याचे नाव बाळू पालवणकर. साहेबांच्या युक्तीतली खरी गंमत ही, की हे शस्त्र त्याला चांगलेच ठाऊक होते. पुण्यात त्याची स्वतःची पहिली नोकरी मैदान झाडण्याची आणि खेळपट्टी दाबण्याचीच होती. रोलरने काय होते आणि काय होत नाही, हे साताऱ्याच्या मैदानात उतरलेल्या बावीस खेळाडूंमध्ये त्याच्याइतके कुणाला कळत असेल, असे वाटत नाही.

चेंडू टाकण्याच्या कामासाठी ज्यांना महिन्याला पगार मिळाला, अशा भारतातल्या सुरुवातीच्या माणसांपैकी बाळू एक. आज गोलंदाजावर कोटींची बोली लागते, म्हणून हे वाचायला साधे वाटते. पण त्या काळी चेंडू टाकणे हा खेळ नव्हता, ते काम होते. खेळ म्हणजे फलंदाजी. ती साहेबाने, राजाने, शेठजीने करायची आणि त्याला हवा तितका वेळ चेंडू पुरवायला एक माणूस ठेवायचा.

विलायतेतही हीच तऱ्हा होती. तिथे हौशी खेळाडूंना ‘जंटलमेन’ आणि पगारींना ‘प्लेयर्स’ म्हणत. दोघांच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी. हा भेद कागदोपत्री मिटायला 1963 साल उजाडावे लागले. पगारी खेळाडूंत गोलंदाजांचा भरणा मोठा, कारण उन्हात तासन्‌तास घाम गाळण्याची हौस जंटलमन मंडळींना बेताचीच होती.

अमेरिकेतल्या बेसबॉलचे मूळही याच मातीत सापडते. उघडपणे पगार देणारा पहिला बेसबॉल संघ म्हणजे 1869 सालचा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. तो उभा करणारा हॅरी राइट जन्माने इंग्रज, शेफिल्डचा. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी क्रिकेटपटू होते आणि हॅरीने स्वतःही तिथे त्यांच्या हाताखाली नोकरी केली होती. म्हणजे बेसबॉलचा पहिला पगारी संघ घडला तो क्रिकेटच्या मैदानावरच्या नोकराच्या पोराकडून! त्या संघाचा मुख्य पिचर एसा ब्रेनर्ड. त्या वर्षी संघाने एकही सामना गमावला नाही.

तरीही ब्रेनर्डच्या काळात पिचरला चेंडू खांद्याखालून, हात खाली ठेवूनच टाकावा लागे. पुढे तर काही वर्षे नियमच असा होता, की चेंडू वर हवा की खाली हे फलंदाजाने सांगायचे आणि पिचरने तसाच द्यायचा. ही सवलत 1887 मध्ये बंद झाली. हात डोक्यावरून फिरवून टाकायची परवानगी क्रिकेटने 1864 मध्ये दिली आणि बेसबॉलच्या नॅशनल लीगने 1884 मध्ये. दोन खेळ, दोन खंड. पण दोन्हीकडे चेंडू टाकणारा हा आधी फलंदाजाचा हरकाम्या होता आणि मग हळूहळू, नियमानियमाने, सामन्याचा धनी झाला. हे स्थित्यंतर एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे असेल, तर बाळूंकडे वळावे.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण, जात चर्मकार. वडील लष्करात नोकरीला होते आणि कुटुंब पुण्यात राहत होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंनी बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास पूना क्लब या गोऱ्यांच्या क्लबात पगार चार रुपये झाला. कामे ठरलेली होती: खेळपट्टी दाबायची, रेषा मारायच्या, नेट लावायचे आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे.

या साहेबांत कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या वेळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत अव्वल मानला जाई. इतरांच्या आधी मैदानावर यायचे आणि बाळूंना एकट्याला गोलंदाजी करायला लावायची, हा त्याचा शिरस्ता. आपल्याला बाद केले की दर वेळी तो आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. तेव्हा एका बळीची किंमत महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा झाली.  मात्र एक गोष्ट पूना क्लबाने बाळूंना दिली नाही. तासन्‌तास चेंडू टाकून घेतले, पण हातात बॅट कधी दिली नाही.

या मजुरीतून निघाली ती असामान्य कला. हिंदुस्थानातला अव्वल गोरा फलंदाज रोज समोर उभा आहे, चेंडूंची संख्या मोजायला कुणी नाही आणि प्रत्येक चूक लगेच दिसते आहे. आज अकादमीत लाखो रुपये भरूनही अशी शिकवणी मिळत नाही. तिथल्याच कॅप्टन बार्टन या डावखुऱ्या अधिकाऱ्याची सहज, सुटसुटीत शैली बाळूंनी डोळ्यांत साठवली आणि आपल्या हातात उतरवली.

आता साताऱ्याच्या त्या रोलरकडे येऊ. तो फिरवून साहेब नेमके काय करू पाहत होते? फिरकीला टप्प्यावर घर्षण लागते. भोवरा मातीत टाकला की आर रुतते आणि तो वळण घेतो. पॉलिश केलेल्या फरशीवर टाकला की नुसता घसरत जातो. चेंडूचेही तसेच आहे. खेळपट्टीची चिकणमाती थोडी ओलसर असताना जड रोलर फिरवला की कणांमधली हवा निघते, माती घट्ट बसते आणि वरचा थर टणक, सपाट, चकचकीत होतो. त्यावर चेंडूची शिवण धरत नाही आणि तो वळण्याऐवजी सरळ बॅटवर येतो. माती वाळली, भेगाळली, तिचा वरचा थर सुटा झाला, की फिरकीचे राज्य सुरू होते. म्हणून आठवडाभर रोलर फिरवणे ही वेडगळ कल्पना नव्हती. मातीचे शास्त्र साहेबांना बरोबर कळले होते.

त्यांच्या हिशेबात बसली नाही ती हवा.

जोरात फिरणारा चेंडू टप्पा पडायच्या आधीच आपला मार्ग बदलतो. तो पुढच्या दिशेने गरगरत असेल तर त्याच्या वरच्या बाजूला समोरच्या हवेचा विरोध जास्त होतो, खालच्या बाजूला कमी. दाबातला हा फरक चेंडूला खाली ढकलतो. फलंदाजाला वाटते चेंडू आपल्या पायाशी येणार, तो पुढे झेपावतो आणि चेंडू हातभर अलीकडेच पडतो. फिरकीचा आस थोडा तिरका असेल तर चेंडू हवेत आडवाही सरकतो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा असा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाकडे हवेत आत, त्याच्या पायांच्या दिशेने येतो आणि टप्पा पडल्यावर बाहेर निघतो. या परिणामाला भौतिकशास्त्रात मॅग्नस परिणाम म्हणतात.

बेसबॉलच्या पिचरची सारी मदार या हवेवरच असते. त्याचा चेंडू टप्पा घेतच नाही. हातातून सुटतो तो साडेअठरा मीटरांच्या आत थेट बॅटपाशी येतो, तोही अर्ध्या सेकंदाच्या आत. त्याचा ‘कर्व्ह’ म्हणजे निव्वळ हवेशी केलेला करार. क्रिकेटच्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू जवळपास तेवढेच अंतर कापायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो, पण त्याच्याकडे दोन हत्यारे असतात: आधी हवा, मग माती. साताऱ्याच्या रोलरने यातले एक हत्यार काढून घेतले. दुसऱ्यावर रोलर फिरवता येत नाही.

आणि बाळूंच्या हाती ते दुसरे हत्यार होतेच. जे. एम. फ्रामजी पटेल यांनी भारतीय क्रिकेटवर 1905 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात बाळूंची जी वैशिष्ट्ये नोंदवली आहेत, त्यांत चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याबरोबरच तो हवेत वळवण्याचा मुद्दाम उल्लेख आहे. 

हा गोलंदाज हिंदू संघात यावा की नाही, यावर पुण्यात आधी बराच वाद झाला होता. संघातल्या काही सवर्णांना अस्पृश्य गोलंदाज नको होता, तेलुगू सभासद त्याच्या बाजूने होते. खुद्द ग्रेगनेच जाहीरपणे सांगितले, की बाळूला वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. त्याचा हेतू समाजसुधारणेचा होता की आपल्या आवडत्या गोलंदाजाशी खऱ्या सामन्यात झुंजण्याचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाळू संघात आले. मग मैदानावर एक विलक्षण व्यवस्था सुरू झाली. त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे झेलत, अडवत, परत फेकत. चहाची वेळ झाली की मात्र सगळे आत जात आणि बाळूंचा चहा बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात येई. जेवणाचे ताटही वेगळे. विटाळ चेंडूला होत नव्हता, कपाला होत होता.

साताऱ्याच्या विजयाने या व्यवस्थेला पहिला जाहीर धक्का बसला. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात बाळूंचा सत्कार केला. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायलाही हरकत नसावी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नंतर टिळकांनीही जाहीर सभेत त्यांचा गौरव केला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे असलेले हे दोन पुणेकर. त्यांना एका मुद्द्यावर आणणे बाळूंच्या बोटांना जमले.

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले. तिथे आधी लष्करात आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी, आणि खेळ हिंदू जिमखान्याकडून. पगार रेल्वेचा, गोलंदाजी संघासाठी. खेळाडूला खेळाचे पैसे न देता नोकरी देण्याची ही भारतीय पद्धत पुढे शंभर वर्षे रेल्वे, बँका आणि कारखान्यांच्या संघांतून चालत आली. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. धावफलक होता हिंदू 242 आणि 160, युरोपियन 191 आणि 102. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली: 23 सामने, 6 विजय, 15 पराभव. कर्णधार महाराज पहिल्या काही सामन्यांनंतर फारसे मैदानात दिसलेच नाहीत. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्याने साऱ्या दौऱ्यात मिळून 114 बळी घेतले, सरासरी 18.84. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8, लेस्टरशरविरुद्धच्या विजयात सामन्यात 11. नेटमध्ये चेंडू टाकायला नेमलेला चार रुपयांचा नोकर आता त्यांच्याच देशात, त्यांच्याच कौंटी संघांना बाद करत होता. ते परत आले तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला.

हे सगळे झाले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1913 मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच सांगितले, की हा मान बाळूंचा होता. 1920 मध्ये चार समाजांच्या संघांमधल्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. आपल्या क्रिकेटमधला हा फार जुना आणि फार धीट बहिष्कार. मग अंतिम सामन्यात बाळू परत आले, तेही उपकर्णधार म्हणून, आणि पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे सूत्रे बाळूंच्या हाती यावीत. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर रीतसर हिंदूंचे कर्णधार झाले. जे थोरल्याला नाकारले, ते धाकट्याला द्यावे लागले.

साताऱ्याचा आणखी एक धागा इथे येऊन मिळतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. हाच मुलगा म्हणजे डॉ. आंबेडकर. पुढे त्यांना बाळूंच्या कर्तबगारीचा अभिमान होता. 1932 च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. पण दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. बाळूंचे निधन 4 जुलै 1955 रोजी मुंबईत झाले.

कृष्णेच्या काठाने साताऱ्याहून खाली आलो की सांगली लागते आणि गोष्टीचा पुढचा भाग इथला आहे. 11 मार्च 1915 रोजी सांगलीत, शाळामास्तरांच्या घरी विजय हजारे जन्मले. ऑस्ट्रेलियाचा महान फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेटचे मार्गदर्शन त्यांना उमेदीच्या काळात मिळाले आणि पुढे त्यांची कारकीर्द बडोद्याकडून बहरली. जग त्यांना फलंदाज म्हणून ओळखते. ॲडलेडला 1948 मध्ये एकाच कसोटीत त्यांनी 116 आणि 145 धावा काढल्या. पण त्याच कसोटीत 201 धावांवर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळा कुणी उडवला, ते कमी लोकांना आठवते. तोही हजाऱ्यांनीच! आणि त्याआधी सिडनीतही.

फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. त्यांनी चेंडू सोपवला विनू मांकडांकडे, म्हणजे पुन्हा डावखुऱ्या मंद फिरकीकडे. मांकडांनी सामन्यात 12 बळी घेतले. त्याच वर्षी हे मांकड लँकेशरमधल्या हॅसलिंग्डन क्लबाचे पगारी खेळाडू होते आणि लॉर्ड्स कसोटीसाठी त्यांना क्लबाकडून मागून आणावे लागले. तिथे त्यांनी 72 आणि 184 धावा काढल्या, शिवाय डावात पाच बळी. साठ वर्षांपूर्वी भारतीय माणूस साहेबाच्या क्लबात चेंडू टाकायला ठेवला जात होता. आता साहेबाच्या देशातला क्लब भारतीय गोलंदाजाशी करार करत होता आणि देशाला त्याच्याकडून त्याला उसना घ्यावा लागत होता.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगच्या लिलावात 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. चार रुपयांपासूनचा हा प्रवास थक्क करतो. फक्त त्यातला एक जुना नियम अजून पुरता गेलेला नाही: पैसा आणि टाळ्या आजही फलंदाजाकडे आधी वळतात.

म्हणून बाळूंचे मोजमाप आकड्यांनीच करावे. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21. यातले बरेच बळी वयाच्या पस्तिशीतले किंवा त्यानंतरचे, खांदा कुरकुरू लागल्यावरचे. भारताच्या डावखुऱ्या फिरकीची वंशावळ सांगताना आपण मांकड, बेदी, जडेजा अशी नावे घेतो. ती यादी अपुरी आहे. तिच्यात पहिले नाव बाळू पालवणकरांचे लिहिले पाहिजे.